वणीच्या जत्रेतली हवेची बंदूक

यवतमाळहून सकाळी निघालेली एसटी जोडमोहा, मोहदा करीत करंजीला येते, नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता ओलांडते आणि मारेगाववरून वणीला पोचते. उन्हाळ्याच्या तोंडावर हा प्रवास मोठा पाहण्यासारखा असतो. शेतांतल्या पर्‍हाट्या उपटून झालेल्या असतात, धुर्‍यावर त्यांचे ढीग पडलेले असतात आणि मध्येच एखादा पळस नुसत्या लाल फुलांनी उभा असतो. वणी जवळ आली की रस्त्याचा रंग बदलतो. कोळशाने भरलेले ट्रक सुरू होतात, झाडांच्या पानांवर काळपट धूळ दिसते. लोकनायक बापूजी अणे यांचे हे जन्मगाव. निर्गुडा नदीकाठी रंगनाथस्वामींचे देऊळ आहे, आणि त्यांच्या नावाने इथे जत्रा व बैलबाजार भरतो.

मी गेलो होतो बैल पाहायला. बरोबर नववीतला भाचा होता. पण मनात आणखी एक काम घोळत होते. आमच्या घरी आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, छर्‍याची जुनी बंदूक आहे. नागपूरच्या एका शौकीन गृहस्थांनी ती पाहिली आणि चांगली किंमत सांगितली. बंदूक तर कित्येक वर्षे चालत नव्हती. धूळ खात पडण्यापेक्षा देऊन टाकावी, बैलजोडीला तेवढाच हातभार लागेल, असे मी ठरवत आणले होते.

बाजारात एक पांढरीशुभ्र गवळाऊ जोडी पाहिली. भाव ऐकून पुढे सरकलो. दुपारी पाळण्यांच्या बाजूला आलो, तर फुगेवाल्याचे दुकान दिसले. फळीवर रंगीत फुगे लावलेले, पुढे लाकडी बाक आणि बाकावर दोन बंदुका. एक नवी चकचकीत. दुसरीच्या दस्त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ती हातात घेतली आणि मी थबकलो. लोखंडावर पुसट खूण होती: एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. हीच खूण आमच्या घरच्या बंदुकीवर आहे.

वाचकांपैकी जुन्या मंडळींनी ही खूण बीएसए सायकलीवर पाहिली असेल. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. इंग्लंडातल्या बंदूक बनविणार्‍या कारागिरांनी १८६१ साली ही कंपनी काढली. पुढे तिने सायकली आणि मोटारसायकली केल्या, आणि १९०५ पासून हवेच्या बंदुकाही केल्या. जर्मनीची डायना बंदूकही आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक होती. तिच्यावर धनुष्यबाण टाकून देऊन बंदूक उंच धरलेली शिकारीची देवी कोरलेली असते.

मी खूण ओळखली म्हटल्यावर म्हातारा फुगेवाला खुलला. "माह्या बापाची हाये हे. नवी घेतली म्या, पण जुने गिर्‍हाईक हिलेच मांगते." मग हळूच म्हणाला, "तुमाले म्हणून सांगतो, डाव्या अंगाले मारते. जरा उजवीकडून धरा." तसे धरले, तर पाचांतले चार फुगे फुटले. आमची बंदूक चालत नाही म्हटल्यावर त्याने विचारले, "नळी मोडतानी जोर लागते का?" मी म्हटले, लागतो. "मंग स्प्रिंग जित्ती हाये. वायसर वाळला असन."

या बंदुकीत दारू नसते, हे अनेकांना माहीत नसते. नळी मोडली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढला की दट्ट्या झपकन पुढे येतो, पुढची हवा दाबली जाते आणि ती डमरूच्या आकाराचा शिशाचा छर्रा बाहेर फेकते. सायकलच्या पंपात असतो तसा चामड्याचा वायसर जुन्या बंदुकीच्या दट्ट्यालाही असतो. तो वाळला की हवा निसटते. म्हातार्‍याने डब्यातून दोन वायसर काढून दिले. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, पोराले आणखी पाच छर्रे खेळू द्या, झाले.

परतीच्या एसटीत मला आमचे ज्वारीचे दिवस आठवले. तेव्हा आमच्याकडे ज्वारी भरपूर असे. कणसात दाणा भरला की राखणीला मचाणावर बसावे लागे. आबाजी गोफण चालवीत, आणि पोपटांचा थवा फारच माजला तर बंदुकीचा बार काढीत. एकदा ते जेवायला गेले असता मी बांधावरची साळुंकी टिपली. मोठ्या फुशारकीने त्यांना दाखविली. त्यांनी तिची चोच उघडली. आत हिरवी अळी होती. "आपलं काम करत होती ते," एवढेच ते बोलले. साळुंकी माझ्याच हाताने पुरायला लावली आणि बंदूक वर्षभर खुंटीवरून काढली नाही. पुढल्या साली त्यांनी डब्याचे झाकण बांधावर टांगले आणि मला नेम धरायला शिकविले.

आता ज्वारी कमी झाली, कापूस-सोयाबीन आले. मचाण गेले, पण अळी राहिली. कपाशीत पक्ष्यांसाठी थांबे लावा, असे कृषी खाते सांगते, कारण कोतवाल आणि साळुंकी अळ्या टिपतात. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरांची शिकार गुन्हाच आहे. रानडुकरावर छर्रा मारण्याचेही मनात आणू नये. तो मरत नाही, जखमी होऊन अंगावर येतो.

नेम धरण्याची हौस मात्र वाईट नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सोने मिळविले, ते दहा मीटरवरच्या हवेच्या रायफलीनेच. २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे खेड्यातलाच.

घरी आल्यावर गावच्या मिस्त्रीकडून बंदूक उघडून घेतली. स्प्रिंग दाबलेली असते, तेव्हा हे काम जाणत्यानेच करावे. वायसर तेलात भिजवून बसविला. रविवारी मळ्यात मातीच्या ढिगापुढे डब्याचे झाकण टांगले. पहिल्याच वेळी भाच्याने नळी तारेवरच्या कोतवालाकडे वळविली. मी ती खाली दाबली आणि त्याला साळुंकीची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही, पण नंतर सगळे छर्रे झाकणावरच गेले.

आई ओसरीवरून पाहत होती. हळूहळू चालत आली आणि म्हणाली, "आण इकडं." मी नळी मोडून दिली. दस्ता कसा टेकवावा ते भाच्याने दाखविले. तिचा दुसरा छर्रा झाकणाला लागला, टण् असा आवाज झाला. ती बंदुकीकडे बघत राहिली. "मामाजी होते तवा दर दसर्‍याले मीच पुसत होती हिले," ती म्हणाली. "धरली मात्र आज."

त्याच संध्याकाळी मी नागपूरच्या गृहस्थांना फोन केला आणि बंदूक विकायची नाही म्हणून सांगितले. त्यांना राग आला नाही. आपल्याकडेही वडिलांची एक आहे, ती कोणी मागितली तर आपणही देणार नाही, असे ते म्हणाले. बैलजोडीचे पुढल्या साली पाहू. फुगेवाल्याचा दुसरा वायसर मी तेलाच्या डबीत घालून ठेवला आहे.