गाळलेली ओळ

माझा धाकटा भाऊ शारजात जपानी गाड्यांचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा धंदा करतो. मी चेन्नईत राहते आणि अनुवाद करते. तमिळमधून मराठीत कथा-कादंबऱ्या हे आवडीचं काम, जपानीतून इंग्रजीत कारखान्यांची कागदपत्रं हे पोटाचं. याशिवाय आणखी एक काम गेली काही वर्षं चालू आहे. पुस्तकांच्या मलपृष्ठावरच्या परिचयात मी ते कधी लिहीत नाही. जपानमध्ये जुन्या गाड्यांचे लिलाव होतात, त्यांच्या तपासणीपत्रांचे फोटो भाऊ मला व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि मी ते त्याला वाचून, लिहून देते.

तपासणीपत्र म्हणजे एकच पान. त्यावर गाडीचं चित्र असतं, खोका उलगडून जमिनीवर सपाट पसरावा तसं. तपासनीस गाडीभोवती फिरतो आणि त्या चित्रावर खुणा करत जातो. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज. खुणेपुढचा आकडा दोष किती मोठा ते सांगतो. कोपऱ्यात गाडीची श्रेणी: साडेचार, चार, साडेतीन. कधी आकड्याऐवजी ‘आर’. आणि खाली एक चौकट, ज्यात तो माणूस हाताने चार-सहा ओळी लिहितो. खुणा कुणीही शिकू शकतो. माझं काम त्या चौकटीत असतं.

ही भाषा मला आवडते, हे कबूल करते. तिच्यात विशेषणं जवळजवळ नाहीत. आसनाला सिगरेटचं भोक. चालकाच्या बाजूचं आसन झिजलेलं. गिअर बदलताना आवाज. लिहिणाऱ्याला गाडी विकायची नाही आणि घ्यायचीही नाही. पुढची गाडी तपासायची आहे. तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला आम्ही निवेदकाच्या तटस्थतेवर तास घालवले होते. तिचा इतका स्वच्छ नमुना त्या वर्गात कुणी दाखवला नव्हता.

आमचे वडील पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत होते. आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. भावाला गाड्यांचा नाद लागला तो पुदुपेट्टैत. एग्मोरजवळच्या या भागात मोडीत निघालेल्या गाड्या सुट्या करून विकतात. एका दुकानात नुसती दारं, दुसऱ्यात नुसते दिवे. शाळा सुटली की तो तिथे. १९९८ पासून जवळच्याच तिरुवळ्ळूरला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात मित्सुबिशी लॅन्सर बनू लागली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर शर्यती असल्या की मित्राच्या स्कूटरवर मागे बसून जायचा आणि कानात गुंईं भरून घेऊन घरी यायचा. ‘हे सगळं जपानात रस्त्यावर चालतं, ताई,’ म्हणायचा.

मी जपानी शिकले ती त्यासाठी नव्हे. चेन्नईच्या एबीके-एओटीएस दोसोकाईच्या वर्गात मी गेले, कारण ओरगडम आणि श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात कारखाने येत होते आणि दुभाष्यांना पैसे बरे मिळत होते. पण घरात एकाला जपानी गाड्या कळत होत्या आणि दुसरीला जपानी अक्षरं. त्या दोन गोष्टी कधीतरी एकत्र येणारच होत्या.

भावाला खरं तर ती गाडी इथे, चेन्नईत चालवायची होती. जपानमध्येही आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक; स्टिअरिंग उजवीकडे. जशीच्या तशी उतरवून घ्यावी. पण आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, ती फक्त मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते आणि तिच्यावर किमतीहून जास्त कर बसतो. त्याला हव्या असलेल्या गाड्या सगळ्या १९९० च्या दशकातल्या. म्हणजे दार बंद. आखातात उलट. सीमाशुल्क पाच टक्के, पण वाहतूक उजव्या बाजूची, म्हणून स्टिअरिंग डावीकडे हवं. निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या त्या काळातल्या पिढ्या कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्या कधी निघाल्याच नाहीत. अशी गाडी तिथल्या रस्त्यासाठी करायची तर डॅशबोर्ड, स्टिअरिंग रॅक, पेडल, ब्रेकचा बूस्टर, वायपर, सगळं आरशातल्यासारखं उलटं बसवावं लागतं. दिवेसुद्धा बदलावे लागतात, कारण त्यांचा झोत चुकीच्या बाजूला झुकलेला असतो. जिथे गाडी सरळ चालली असती तिथे ती येऊ शकत नाही आणि जिथे येऊ शकते तिथे तिला उलटं व्हावं लागतं. भाऊ हसून म्हणतो, ‘माझंही तेच झालं.’

त्या वर्षी त्याने एक तपासणीपत्र पाठवलं आणि म्हणाला, ‘ताई, हे इंग्रजीत नको, मराठीत कर. पोरं रत्नागिरीची आहेत.’ तिघं मित्र. एक गॅरेजमध्ये कामाला, दोघं गोदामात. तिघांनी प्रत्येकी पंधरा हजार दिरहम काढले होते. गाडी निस्सान सिल्व्हिया, एस-१५, २००० सालची. दोन लिटरचं टर्बो इंजिन, सहा गिअर. रस्त्यावर चालवायची नव्हती, फक्त ट्रॅकवर. त्यामुळे स्टिअरिंग हलवायचं कारण नव्हतं.

मी खूश झाले. हे काम पहिल्यांदाच माझ्या भाषेत करायचं होतं. श्रेणीच्या चौकटीत ‘आर’ होतं. त्याला जपानीत शूफुकुरेकी म्हणतात, आणि हा शब्द मी अर्धा दिवस घोळवला. शब्दशः ‘पूर्ववत केल्याचा इतिहास’. पण व्यवहारात त्याचा अर्थ फार नेमका आहे. बॉनेट, दार, फेंडर असे बोल्टने लागणारे भाग बदलले तर शूफुकुरेकी होत नाही. गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे खांबांना, तळाला, पुढच्या आडव्या-उभ्या दांड्यांना मार बसून ते बदलले किंवा सरळ केले, तरच होते. ‘अपघातग्रस्त’ म्हटलं तर जास्त होतं, ‘दुरुस्त केलेली’ म्हटलं तर काहीच होत नाही. शेवटी मी लिहिलं: ‘सांगाडा दुरुस्त केलेली गाडी’.

खाली हाताने लिहिलेल्या सहा ओळी होत्या. चौथी अशी: उजवी पुढची साइड मेंबर, शूसेई. शूसेई म्हणजे सुधारणा. मजकुरात प्रुफं तपासताना करतात तीही शूसेईच. इथे अर्थ होता: वाकलेली दांडी ओढून सरळ केली आहे.

मी सहाही ओळींचा अनुवाद पाठवला. तासाभरात भावाचा फोन आला. त्या महिन्यात त्याचं भाडं थकलं होतं, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, ‘आर आहे हे कागदावर छापलंय, पोरांना दिसतंच आहे. किती आणि कुठे, ते कशाला? चौथी ओळ काढ. बाकी सगळं खरंच आहे ना?’

बाकी सगळं खरंच होतं. मी ओळ काढली. आणि ‘सांगाडा’ या शब्दाने पोरं घाबरतील म्हणून तोही बदलला. ‘दुरुस्त केलेली गाडी’ असं लिहिलं. अर्धा दिवस शोधलेला शब्द काढायला अर्धा मिनिट लागलं.

चार महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून निरोप आला. ‘ताई, नमस्कार. तुमच्या भावाकडून नंबर घेतला. सिल्व्हिया घेतलेल्यांपैकी मी.’ सोबत तीन फोटो: मूळ तपासणीपत्र, माझा मराठी अनुवाद आणि फोनचा कॅमेरा कागदावर धरला की इंग्रजी करून दाखवणाऱ्या ॲपचा पडदा. खाली एकच प्रश्न: ‘यात एक ओळ जास्त का आहे?’

हस्ताक्षरापुढे ॲपची त्रेधा उडाली होती. सिगरेटच्या वासाचं त्याने काहीतरी भलतंच केलं होतं. दोन ओळींना तर अर्थच नव्हता. पण चौथी ओळ लिहिणाऱ्याने ठळक लिहिली होती आणि ती यंत्राने बरोबर वाचली होती. माझा मराठी मजकूर ओघवता होता, व्याकरण निर्दोष होतं. त्या मुलाने भरवसा कुणावर ठेवायचा, हे मला पडद्यावर शेजारी-शेजारी दिसत होतं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुदुपेट्टैला गेले. पंचवीस वर्षांत मी त्या शब्दाचा अनुवाद किती कागदांवर केला असेल, पण ती वस्तू नीट पाहिली नव्हती. इथे पत्र्याच्या कामाला टिंकरिंग म्हणतात. ते करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला बॉनेट नसलेल्या एका गाडीसमोर उभं केलं आणि आत लांबत गेलेल्या दांडीवरून बोट फिरवलं. इंजिनाचा भार हिच्यावर, अक्का, तो म्हणाला. पुढची चाकं हिच्या भरवशावर. वाकली तर ओढून सरळ होते. चांगल्या बाकावर बांधून, मापं घेऊन केली तर चालतेही. डोळ्यांनी बघून केली तर गाडी एका बाजूला ओढत राहते, एक टायर दुसऱ्याच्या आधी संपतो. ‘मग लोक घेतातच कशाला?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘माहीत असलं तर घ्यायला काय हरकत आहे? कमी पैशात घ्यायची. आधी मापं काढायची.’

म्हणजे ती ओळ गाडी घेऊ नका असं सांगत नव्हती. आधी काय करा, ते सांगत होती. मी तेच काढून टाकलं होतं.

घरी येऊन मी त्या मुलाला लिहिलं: ‘ओळ मूळ कागदात आहे. मी गाळली. चूक नव्हे, मुद्दाम.’ भावाने सांगितलं म्हणून, हे लिहिलं नाही. सांगणारा तो होता, पण हात माझा होता. मग भावाला फोन केला.

तो चिडणार हे ठाऊक होतं. त्याचा युक्तिवाद मात्र मला सुचला नसता. ‘१९८९ पासून जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून कागदावर २८० हॉर्सपॉवरच्या वर जायचं नाही असं केलं होतं,’ तो म्हणाला. ‘२००४ पर्यंत. काही गाड्यांची ताकद त्याहून जास्त होती, तरी छापलं २८०. पंधरा वर्षं सगळा देश खोटा कागद वाचत होता. तेव्हा कुणी अनुवादकाला जाब विचारला?’ मी म्हटलं, ‘तिथे कागदावर लिहिलं होतं त्याहून गिऱ्हाइकाला जास्त मिळत होतं. आणि घेणाऱ्याला ते माहीत होतं.’ त्याने फोन ठेवला.

मुलांनी गाडी परत केली नाही. मापं काढून घेतली, दांडी पुन्हा बाकावर बांधून सरळ करून घेतली. खर्च नऊ हजार दिरहम आला. भावाने सहा दिले, हप्त्याने. तीन मी दिले. माझ्या शेवटच्या कादंबरीच्या अनुवादाला मला तेवढं मानधन मिळालं नव्हतं. मुलाने पैसे घेतले, पावती म्हणून कारागिराच्या बिलाचा फोटो पाठवला. ‘ताई, राग नाही’ असं त्याने लिहिलं नाही, आणि ते बरं केलं. काही महिन्यांनी ट्रॅकवरचा एक व्हिडिओ आला, अकरा सेकंदांचा. पांढरी गाडी, धूर, कुणीतरी मालवणी शिवी देऊन हसतं आहे. खाली दोन शब्द: ‘सरळ जाते.’

भाऊ पाच महिने बोलला नाही. दिवाळीला आईच्या फोनवर आम्ही दोघं एकाच वेळी होतो, पण आई मध्ये होती. या काळात मी माझे जुने अनुवाद काढून बसले. एका तमिळ कथेत बाई सासूला एक वाक्य बोलते. ते मराठीत फार कडवट वाटेल म्हणून मी दहा वर्षांपूर्वी सौम्य केलं होतं. संपादकांनी तेव्हा कौतुक केलं होतं. लेखिका हयात आहेत, मराठी त्यांना येत नाही, आणि कॅमेरा धरून कुणी त्यांना दाखवलेलं नाही. पुढच्या आवृत्तीसाठी मी ते वाक्य परत मूळचं केलं आहे.

मग एका सकाळी भावाकडून तपासणीपत्र आलं. सोबत शब्द नाही, नुसता फोटो. मी अनुवाद केला. ‘सांगाडा’ हा शब्द जिथे लागत होता तिथे लिहिला. आणि खाली, जे पूर्वी कधी लिहिलं नव्हतं, तेही: मूळ ओळी ७, अनुवादाच्या ओळी ७.

दोन निळ्या खुणा उमटल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

‘मोजल्या. बरोबर आहेत.’