मटच्या फाइलीतली आपली नावे

टर्मिनलमध्ये चालणारा मट हा ई-मेलचा प्रोग्रॅम मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली लिहिला. त्याची सगळी मांडणी मटआरसी नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते. मटची स्वतःची व्हेरिएबले पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या जोडीला वापरणाऱ्याला आपलीही करता येतात. अट एकच: नावाची सुरुवात 'माय' आणि त्याला जोडून अंडरस्कोर अशी हवी. (फाइलीत ही नावे रोमन लिपीत लिहायची, इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.) या उपसर्गामुळे मटच्या पुढच्या आवृत्तीत नवे व्हेरिएबल आले तरी जुन्या फाइलीतल्या नावाशी त्याची टक्कर होत नाही.

व्हेरिएबल तयार करायचे ते 'सेट' या आज्ञेने. समजा, कोणाला आपल्या पत्रांच्या शीर्षभागात गावाचा पत्ता हवा आहे. तर 'माय_गाव' असे नाव घेऊन त्यापुढे बरोबरचे चिन्ह द्यायचे आणि अवतरणचिन्हांत 'उमापूर, ता. गेवराई, जि. बीड' असे लिहायचे. मजकुरात मोकळ्या जागा आहेत, म्हणून अवतरणचिन्हे टाळता येत नाहीत. पुढे नावाआधी डॉलरचे चिन्ह लावले की पत्ता उमटतो. शीर्षभागात ओळ घालणारी आज्ञा 'माय_एचडीआर' ही दिसायला व्हेरिएबलसारखीच आहे. नवखा माणूस इथे हमखास अडखळतो. पत्राखाली जोडल्या जाणाऱ्या सहीच्या फाइलीत मात्र डॉलरचे चिन्ह डॉलरच राहते, कारण ती फाइल मट आज्ञा म्हणून वाचत नाही.

खरी मेख आहे ती किंमत भरली जाण्याच्या वेळेत. मट फाइल वरून खाली वाचतो आणि ओळ वाचताक्षणी डॉलरच्या जागी त्या वेळची किंमत भरून मोकळा होतो. तलाठ्याकडून सातबाराचा उतारा घेतल्यावर फेरफार झाला, तरी हातातला कागद जुनाच राहतो, तसेच हे. 'माय_गाव' खाली बदलले म्हणून वरची ओळ बदलत नाही. व्याख्या आधी, वापर नंतर, हा क्रम म्हणूनच पाळायचा.

याच स्वभावाचा एक फायदा आहे. मटच्या एखाद्या व्हेरिएबलची चालू किंमत आपल्या नावात ठेवायची, हवा तो बदल करायचा आणि काम झाले की जुनी किंमत परत द्यायची. 'पेजर_स्टॉप' हे व्हेरिएबल चालू असले की पत्राच्या शेवटी पोहोचल्यावर पान पुढे ढकलले तरी पुढचे पत्र उघडत नाही. हे फक्त एका कळीपुरते हवे असेल तर मॅक्रो लिहितात: जुनी किंमत राखून ठेवा, पेजर_स्टॉप चालू करा, पान ढकला, जुनी किंमत परत द्या, आपले व्हेरिएबल 'अनसेट'ने पुसून टाका. मात्र मॅक्रो दुहेरी अवतरणांत लिहिला तर त्यातला डॉलर फाइल वाचतानाच उलगडतो आणि कळ कधीही दाबली तरी सुरुवातीचीच किंमत परत येते. म्हणून डॉलरच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा. मग उलगडणे कळ दाबेपर्यंत थांबते. मॅक्रो 'चालतो, पण चुकीचा' अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा हा बॅकस्लॅश तपासावा.

दुसरा मोठा उपयोग पासवर्डचा. मुख्य फाइलीत पासवर्ड उघडा ठेवणे हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. ती फाइल लोक एकमेकांना सर्रास देतात. पासवर्डची 'सेट' ओळ जीपीजीने कुलूपबंद केलेल्या वेगळ्या फाइलीत ठेवावी. 'सोर्स' आज्ञेला फाइलीऐवजी शेवटी उभी रेघ असलेली आज्ञा दिली तर मट ती चालवून तिचे उत्तर वाचतो. मुख्य फाइलीत मग आयमॅपच्या पासवर्डसमोर फक्त आपल्या व्हेरिएबलचे नाव उरते. अर्थात ही 'सोर्स'ची ओळ त्या वापराच्या वर हवी.

नावात सध्या काय आहे हे पाहायचे तर 'सेट' लिहून नावाला प्रश्नचिन्ह जोडावे. दहा-बारा ओळींच्या फाइलीला या सगळ्याची गरज नाही. तिथे पत्ता सरळ लिहावा.