लेक नव्हे, धरण

पुण्या-मुंबईची अर्धी तरुणाई शनिवारी ‘पवना लेक’ला जाते. मीही जाते. तंबू, बार्बेक्यू, शेकोटी, पलीकडे तुंग आणि तिकोना. पण हे पाणी पवना नदीवर बांधलेल्या धरणाचं आहे, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आमच्या नळाला तेच येतं.

‘लेक’ म्हटलं की ते निसर्गानं दिलेलं, कुणाचंच नसलेलं वाटतं. ‘धरण’ म्हटलं की विचारावंसं वाटतं, इथे आधी कोण राहत होतं? उन्हाळ्यात पाणी उतरलं की एरवी बुडालेलं वाघेश्वराचं दगडी मंदिर उघडं पडतं. मंदिर होतं म्हणजे माणसंही होती. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचा पुनर्वसनाचा झगडा पुढे अनेक दशकं चालला. २०११ मध्ये हेच पाणी शहराकडे नेणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करताना मावळातले ३ शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मेले.

कॅम्पिंग सोडा, असं मी म्हणत नाही. मलाच ते सोडवणार नाही. फक्त ग्रुपवर बेत टाकताना मी ‘पवना धरण’ लिहिते. कुणीतरी विचारतंच, “धरण? म्हणजे लेकच ना?” मग बोलणं सुरू होतं.