एकादशीचे मिक्स्चर

पोटात धरलेला वायू मोकळा करणारे जे औषध दवाखान्याच्या भाषेत कार्मिनेटिव्ह मिक्स्चर आणि रुग्णांच्या भाषेत नुसते 'पोटाचे औषध' म्हणून ओळखले जाई, ते कंपाउंडरच्या हातून बाटलीत भरून मिळण्याचा काळ महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांतून जवळजवळ संपला आहे. खाण्याचा सोडा, पेपरमिंटचे पाणी आणि आले व वेलदोडा यांचे टिंक्चर असा त्याचा साधारण मसाला असे. टिंक्चर म्हणजे वनस्पतीतील गुणद्रव्य मद्यार्कात उतरवून केलेला अर्क, आणि या लेखाचा सारा खटाटोप त्या मद्यार्कापायीच आहे. चिपळुणातील एका औषधदुकानात अलीकडे अशाच कसल्याशा औषधाची बाटली फुटली, वेलदोडा आणि पेपरमिंट यांचा मिश्र वास दुकानभर पसरला, आणि २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात बुडालेला व त्यानंतर पुन्हा कधीच न उघडलेला एक दवाखाना प्रस्तुत लेखकाच्या मनात उघडला गेला, एवढेच या लेखनाचे निमित्त.

तो दवाखाना चालवणारे डॉक्टर कोकणी मुसलमान होते आणि लेखकाच्या घरच्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. घरातून धुऊन आणलेली बाटली कंपाउंडरकडे द्यावयाची, त्याने ती भरून बुचाने बंद करावयाची, आणि मात्रा कळावी म्हणून कात्रीने दाते पाडलेली कागदाची पट्टी डिंकाने तिच्या अंगावर चिकटवावयाची, ही तेथील रीत होती. लेखकाच्या आजी माळकरी, म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालून मद्यमांस वर्ज्य करणाऱ्या वारकरी, होत्या. परक्या घरचे पाणीही त्या सहसा घेत नसत. तरी या दवाखान्याचे मिक्स्चर त्यांनी वर्षानुवर्षे निःशंकपणे घेतले, ते भजनातल्या कोणा सोबतिणीने त्यात दारू असते असे कानात सांगेपर्यंत. तो दिवस नेमका एकादशीचा होता आणि आजींचे पोट सकाळपासून फुगलेले होते.

लेखकाच्या स्मरणातून जे हटत नाही ते यानंतरचे संभाषण. "डॉक्टर, खरं सांगा, ह्यात दारू असते का?" असे आजींनी बाकावर बसता बसताच विचारले, आणि डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून उत्तर दिले, "असते, आजी. थोडी असते. मलाही ती वर्ज्यच. पण औषधातली चालते असं आमच्यातले जाणते सांगतात. तुमच्यातलं मला ठाऊक नाही, ते तुम्ही ठरवा. नको असेल तर आजच्यापुरती पुडी देतो." आजींनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "पुडीच द्या. मिक्स्चर उद्या पारणं झालं की घेईन." पारणे म्हणजे एकादशीचा उपवास द्वादशीला सोडणे. डॉक्टरांनी मान डोलावली, कंपाउंडरला पुडी बांधावयास सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

या चार-सहा वाक्यांत दोन धर्मशास्त्रे एकमेकांना लागून बसली होती. निषिद्ध वस्तू निकडीच्या प्रसंगी चालते, हे इस्लामी धर्मशास्त्रातील 'जरुरत' या तत्त्वाचे सार आहे, आणि औषधातील मद्यार्काला ते कितपत लागू पडते यावर त्या परंपरेत मतभेद आहेत. डॉक्टरांनी म्हणूनच 'जाणते सांगतात' असे सावध शब्द वापरले असावेत. हिंदू परंपरेत त्याच जातीची सवलत आपद्धर्म या नावाने, म्हणजे संकटकाळी शिथिल होणारा आचार म्हणून, येते, आणि औषधाला गंगाजळाची व वैद्याला नारायणाची पदवी देणारे जे सुभाषित आजी एरवी म्हणत, त्याने परधर्मीयाच्या हातच्या औषधाचा प्रश्न त्यांच्यापुरता केव्हाच निकालात निघाला होता. अडचण उरली होती ती एकादशीची, आणि ती डॉक्टरांनी स्वतः सोडवावयाचे नाकारले. औषधात काय आहे ते खरे सांगितले, स्वतःची बाजूही न मागता मांडली, पण दुसऱ्याच्या धर्मात काय बसते याचा निवाडा केला नाही. शिष्टाचार म्हणून अशा वेळी 'नाही हो आजी, दारू कुठली' असे म्हणून वेळ मारून नेणारे डॉक्टर पुष्कळ असतात आणि त्यांची भलावणही होते. लेखकाच्या मते ती भलावण अस्थानी आहे, कारण जो मनुष्य बाटलीतल्या मद्यार्काविषयी गोड खोटे बोलतो, तो पुढे गाठीविषयीही बोलेल.

येथे गोव्याचा इतिहास थोडा आगंतुकपणे मध्ये येतो, पण त्याला वाट द्यावी लागते. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी उपचारासाठी जात राहिला, आणि १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांची चर्चा संवादांच्या रूपाने केली. निजामशहाने शिया पंथ स्वीकारलेला, दरबारात मुसलमान हकीम आणि हिंदू वैद्य दोन्ही, आणि हा पाहुणा वरवर कॅथलिक. प्रत्यक्षात त्याचे घराणे सक्तीने बाटवलेल्या ज्यूंचे होते. ग्रंथात तो हिंगापासून आंब्यापर्यंत सर्वांविषयी मनसोक्त बोलतो, परधर्मीय वैद्यांचे चुकते कोठे आणि साधते कोठे हेही सांगतो, फक्त स्वतःच्या श्रद्धेविषयी त्याला काही बोलता आले नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड हुडकून शिक्षा देणारे धर्मन्यायालय, १५६० मध्ये आले होते. ऑर्ता १५६८ मध्ये वारला, त्याची बहीण कातारीना १५६९ मध्ये जाळली गेली, आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. ख्रिस्ती लोकांनी परधर्मीय वैद्याकडून औषध घेऊ नये असे बंधन १५६७ च्या गोव्यातील धर्मसभेने घातले होते, तरी १५८० च्या दशकात तेथे राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन असे नमूद करतो की व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतले साधू आपल्या देशबांधवांपेक्षा हिंदू वैद्यांवरच अधिक विश्वास टाकीत. बंदी घालणाऱ्यांचे पोट दुखले की बंदीचे काय होते, हे यावरून दिसते.

चिपळुणच्या दवाखान्यात कोणाची हाडे उकरली जाण्याची भीती नव्हती, परंतु डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर तेथील बाकांवरची भाषा थोडी बदलली, हे मान्य करावे लागेल. लेखकाच्या नात्यातील एक गृहस्थ त्या दिवसांत वर्तमानपत्र हातात घेऊनच तपासणीच्या खोलीत शिरत आणि 'तुमच्यात हे असं कसं काय?' या चालीवर बोलणे सुरू करीत. त्यांना उत्तर नको असे. डॉक्टर अस्वस्थ झालेले पाहावयाचे, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि लेखकाचा त्यांच्यावरचा राग इतक्या वर्षांनीही गेलेला नाही. डॉक्टर त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळीत आणि म्हणत, "आता बोलू नका, बोललात की आकडा वाढतो." हे वैद्यकीय दृष्ट्या शब्दशः खरे आहे, कारण मोजणी चालू असता बोलल्यास रक्तदाब वाढीव दिसतो. पट्टा सुटेपर्यंत विषय थंड पडलेला असे. एका मोसमात त्या गृहस्थांचा रक्तदाब गरजेपेक्षा अधिक वेळा मोजला गेला असावा.

आजींचा प्रश्न आणि या गृहस्थांचा प्रश्न, दोन्ही धर्माविषयीचे आणि एकाच खोलीत विचारलेले, तरी त्यांची जात वेगळी होती. आजींना स्वतःच्या आचाराची चिंता होती आणि तिच्यासाठी त्यांना डॉक्टरांचे ज्ञान हवे होते. गृहस्थांना दुसऱ्याच्या आचाराचा जाब हवा होता. फॅमिली डॉक्टरशी धर्मभेदाविषयी बोलावे की बोलू नये, असा प्रश्न अनेक घरांत दबक्या आवाजात निघतो आणि 'कशाला उगाच' या शब्दांनी मिटवला जातो, पण हा फरक ध्यानात घेतला तर तो प्रश्न एवढा अवघड राहत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील आचार बाहेर फोडू नयेत, असे वैद्याला बजावले आहे. आचार वैद्याच्या कानावर जाणारच, हे तेथे गृहीत धरलेले दिसते.

लेखकाच्या वडिलांना मधुमेह जडला तेव्हा या जुन्या विषयाला नवे टोक फुटले. त्या काळचे इन्सुलिन बहुतेक गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली, आणि सर्वत्र रुळावयास त्याला वेळ लागला. डॉक्टरांनी कोणी विचारण्यापूर्वीच कुपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे दोनांतल्या एकाचं असतं. एक तुमची अडचण, दुसरी माझी. बाकी जिवाची अडचण दोघांची सारखी." वडील हसले आणि सुई टोचून घेण्यास तयार झाले. ही कोटी एखाद्या अनोळखी रुग्णापुढे फसली असती. ती पेलण्यासाठी मागे एकादशीची पुडी असावी लागते.

उलट दिशेने मात्र हे बोलणे कधी फारसे गेले नाही. रमजानमध्ये संध्याकाळचा दवाखाना अर्धा तास उशिरा उघडे. काउंटरमागे कंपाउंडर आधी एक खजूर तोंडात टाकी, पाणी पिई, आणि मग पहिल्या बाटलीचे बूच काढी. पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेला मनुष्य सकाळच्या वेळी पन्नासेक घसे आणि पोटे तपासून गेला आहे, हे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे, आणि त्याच्या साखरेची, पाठीची वा झोपेची चौकशी त्यांतील कोणी करीत नसे. ईदच्या शिरखुर्म्याचा डबा घराघरांत पोहोचे आणि दिवाळीच्या फराळाचे ताट त्यांच्याकडे जाई, एवढ्यावर सलोखा पूर्ण झाला असे दोन्ही बाजू मानीत. डब्यांची ही देवाणघेवाण गोड असली तरी तिच्या आड न विचारलेले बरेच काही सुखाने झाकले जाते, असे लेखकाला आताशा वाटू लागले आहे.

आता लेखकाच्या कुटुंबाचे उपचार मोठ्या इस्पितळांत होतात, आणि अशा एका इस्पितळाच्या नोंदणीच्या कागदावर वय व पत्ता यांच्या खाली धर्माचा रकाना होता. तो भरला गेला आणि पुढे कोणाच्याही उपयोगी पडला नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञाने उपवास करता का, कोणता करता, गोळी कधी घेता, यांपैकी काहीच विचारले नाही. पुरात गेलेल्या जुन्या दवाखान्यातील कागदांवर धर्म लिहिलेला नसे, पण कोणाची संकष्टी चंद्रोदयापर्यंत कडक चालते आणि कोण दुपारीच हळूच केळे खाते, हे डॉक्टरांना पाठ होते. मधुमेहींच्या बाबतीत ही माहिती जिवाशी गाठ असलेली आहे. १३ देशांतील मधुमेहींची जी पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे सुमारे ७९ टक्के मुस्लिम रुग्ण रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजा ठेवत असल्याचे आढळले, आणि त्यांच्यात साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याचे प्रसंग त्या महिन्यात कित्येक पटींनी वाढलेले दिसले. त्या अनुभवातून रोज्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका तयार झाल्या. गोळ्यांच्या मात्रा सहेरी, म्हणजे पहाटेचे खाणे, आणि इफ्तार, म्हणजे सूर्यास्तानंतर रोजा सोडणे, यांच्यात कशा वाटाव्यात, आणि साखर ७० च्या खाली गेल्यास रोजा लगेच का सोडावा, हे त्यांत स्पष्ट दिले आहे. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक उलेमांचेही मत आहे. एकादशी, संकष्टी, नवरात्र आणि सूर्यास्तानंतर अन्न-पाणी वर्ज्य करणारा जैनांचा चौविहार यांचे हिशेब मात्र अजून बरेचसे रुग्णाच्या स्मरणावर आणि डॉक्टरांच्या कुतूहलावर चालतात, आणि कुतूहलाला आता वेळ नसतो. त्यातही उपवासाचा अर्थ घरोघरी निराळा. निर्जळी एकादशीत साखर खाली जाण्याची भीती, तर साबुदाण्याच्या खिचडीवर, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थावर, भागवलेल्या उपवासात ती भराभर वर चढण्याची.

तेव्हा चातुर्मास किंवा रमजान लागण्याच्या निदान महिनाभर आधी, डॉक्टर कोणत्याही धर्माचे असोत, आपला उपवास निर्जळी आहे, फराळाचा आहे की एकवेळचा, रात्रीची गोळी सूर्यास्तानंतर घेणे चालते की नाही, आणि कोणत्या औषधातील कोणता घटक आपल्याला वर्ज्य आहे, हे वाचकांनी स्वतः होऊन त्यांना सांगावे, आणि डॉक्टरांचा रोजा असल्यास संध्याकाळी किती वाजता आलेले बरे पडेल, तेही विचारून घ्यावे.