चौथी चिठ्ठी

पाटीवर एक गणित लिहायचं, चार-चार मुलांचे गट करायचे आणि ज्या गटाचं उत्तर आधी येईल त्याला टाळ्या. कित्येक वर्षं मी यालाच गटातला खेळ म्हणत होतो. वर्ग गजबजायचा, बघणारा खूश व्हायचा. प्रत्यक्षात गटातली एक हुशार पोरगी गणित सोडवायची आणि उरलेली तिघं टाळ्यांची वाट बघायची.

आता मी गणितच फाडतो. चार चिठ्ठ्या करतो. पहिलीत : शेतात 18 पोती धान झालं. दुसरीत : एका पोत्यात 40 किलो. तिसरीत : 5 पोती घरी खायला ठेवली. चौथीत : विकलं किती किलो? नियम एकच. आपली चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही, वाचून सांगायची.

आमच्या दवनीवाड्याकडच्या शाळेत पोत्यातलं धान काय ते पोरांना शिकवावं लागत नाही. अडतं ते वाचनात. बऱ्याच घरांत पोवारी किंवा झाडीबोली. पुस्तकातली मराठी शाळेतच भेटते. एके दिवशी तिसरी चिठ्ठी नेमकी वाचायला अडखळणाऱ्या पोराकडे गेली. तो ओठांनी अक्षरं जुळवत होता. एरवी बोट वर करून उभी राहणारी पोरगी कागद-पेन्सिल घेऊन तयार, पण तिचं काही चालेना. '18 गुणिले 40' करून तिने 720 काढूनही ठेवले होते. ‘खायला’वर तो थांबला, पुन्हा मागे गेला, आणि मग सगळं वाक्य घरच्या बोलीत सांगून मोकळा झाला. तिने 720 वर काट मारली. 13 पोती, 520 किलो.

उत्तर सांगायला कोण उठणार, ते फासा ठरवतो. त्यामुळे ज्याला कळलं नाही त्याला समजावणं ही गटाची गरज होते. माझी मेहरबानी नव्हे.

ही युक्ती माझी नाही. 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकती एका वर्गात आली होती, एकमेकांवर खार खाऊन होती. इलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून एकेकाला एकेक वाटला. त्याला ‘जिगसॉ’ म्हणतात. आमच्याकडे ‘चिठ्ठीचा खेळ’.

रोवण्याच्या दिवसांत हजेरी गळते, गटात तिघंच उरतात. मग चौथी चिठ्ठी कुणाला? हात आपोआप हुशार पोराकडे जातो, कारण तास संपत आलेला असतो. मी ती सगळ्यात सावकाश वाचणाऱ्याला देतो. वेळ जातो. एका तासात दोनच गणितं होतात, आणि अभ्यासक्रम मागे राहिला म्हणून बोलणीही खावी लागतात.

चिठ्ठ्यांना जाड कागद लागतो, पातळ असला की मागून वाचता येतो. जुन्या लग्नपत्रिका उत्तम. घरात पडून असतील तर जवळच्या शाळेत नेऊन द्या.