खुळखुळ्याची पारख

हळदीच्या आडतीत हयात गेलेल्या माणसाने रुबिक क्यूबवर लेखणी चालवावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेली तीन वर्षे सांगलीच्या आमच्या घरात हळकुंडांच्या नमुन्यांइतकाच या रंगीत ठोकळ्यांचा वावर आहे. माझी तेरा वर्षांची नात क्यूब सोडविते. नुसता सोडवीत नाही, तर घड्याळाशी पैज लावून सोडविते. त्याच्या अखंड खडखडाटावरून तिच्या आजीने त्याला ‘खुळखुळा’ असे नाव ठेवले आहे, आणि घरात आता तेच रूढ झाले आहे.

गेल्या वर्षी तिने नव्या क्यूबची मागणी केली. किंमत सात हजारांच्या घरात. लगेच दोन तट पडले. मुलाचे म्हणणे, खेळण्यापायी एवढी रक्कम घालणे ही निव्वळ हौस. सुनेचे म्हणणे, मुलगी मोबाइलपासून दूर राहते हेच पुष्कळ झाले. निवाडा माझ्याकडे आला. माल पाहिल्यावाचून दर बोलायचा नाही, ही आमच्या पेढीची जुनी शिस्त. तेव्हा मी नातीलाच समोर बसविले आणि माल समजावून घेतला.

हा ठोकळा 1974 साली हंगेरीतील बुडापेस्ट शहरात एर्नो रुबिक नावाच्या स्थापत्यशास्त्राच्या अध्यापकाने घडविला. स्वतःचीच वस्तू पहिल्यांदा जुळवायला त्यांना सुमारे महिना लागला होता. त्याच्या मांडण्या किती होतात, तर त्रेचाळीसच्या पुढे अठरा शून्ये लिहावीत इतक्या. तरीही कोणतीही मांडणी जास्तीत जास्त 20 फिरवण्यांत सुटू शकते, हे 2010 मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. माणसाला तो आखूड मार्ग दिसत नाही. नातीची पद्धत घेतली तर पन्नास-साठ फिरवण्या लागतात. प्रथम एका बाजूस अधिक चिन्हासारखी फुली, मग कोपरे व कडा यांच्या जोड्या लावून खालचे दोन थर, आणि शेवटी वरचा थर. वरच्या थरासाठी 57 आणि 21 अशी सूत्रे पाठ करावी लागतात. जेसिका फ्रिड्रिच या विदुषींच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. नातीला ही सूत्रे आमच्या लहानपणीच्या पावकी-निमकीसारखी मुखोद्गत आहेत, फरक इतकाच की ती तोंडाने न म्हणता बोटांनी म्हणायची.

पहिली जागतिक स्पर्धा 1982 मध्ये बुडापेस्टलाच झाली. अमेरिकेतून आलेला मिन्ह थाई 22.95 सेकंदांत क्यूब सोडवून विजेता ठरला. 2023 मध्ये मॅक्स पार्क या अमेरिकन तरुणाने 3.13 सेकंदांत तो सोडविला. अंतर केवढे पडले! त्यात पद्धतीचा वाटा आहे, सरावाचा आहे, आणि वस्तूचाही आहे. त्या काळचे क्यूब जड फिरत आणि थर किंचित वाकडा राहिला की दुसरी बाजू अडून बसे.

नातीने आपला क्यूब उकलून माझ्यापुढे गादीवर मांडला. मध्ये सहा हातांचा गाभा, त्यावर स्क्रूने बसविलेले सहा मध्यतुकडे, भोवती बारा कडा आणि आठ कोपरे. स्क्रूखाली स्प्रिंग असते; स्क्रू आवळला की क्यूब घट्ट होतो, सैल केला की पळतो. अलीकडे तुकड्यांच्या पोटात बारीक लोहचुंबक बसवितात. त्यांच्यामुळे फिरता थर आपल्या जागेवर येताच हलकासा धरला जातो. महागड्या क्यूबमध्ये तर स्प्रिंगच नाहीत. एकमेकांना दूर लोटणारे चुंबक ते काम करतात. थर पुरता सरळ नसतानाही दुसरा थर कोपरा कापून फिरावा, हा चांगल्या मालाचा गुण. तो अतिसैल असेल तर मात्र ऐन वेळी तुकडा निखळून टेबलाखाली जातो. आत सिलिकॉनच्या तेलाचे दोन थेंब टाकायचे. पातळ तेलाने वेग येतो, घट्ट तेलाने ठेहराव.

हे सारे ऐकताना मला आमचे सौदेच आठवत होते. पॉलिश केलेल्या हळकुंडाची वरची झळाळी पाहून दर बोलणारा नवखा. जाणता ते मोडतो, मोडल्याचा आवाज ऐकतो आणि आतला रंग पाहतो. क्यूबही मोडूनच पाहायचा, पण त्याची खरी मोड होते ती स्पर्धेच्या टेबलावर.

ती संधी पुण्यात आली. एका शाळेच्या सभागृहात वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या नियमांनुसार स्पर्धा होती. क्यूब ज्याने त्याने आपला आणायचा. विस्कटून देतात मात्र सर्वांना सारख्याच क्रमाने. झाकण उचलले की निरीक्षणाला पंधरा सेकंद, आठव्या आणि बाराव्या सेकंदाला पंच इशारा देतो. मग दोन्ही तळवे टायमरवर, आणि सुरुवात. पाच वेळा सोडवायचे, सर्वांत चांगली व सर्वांत वाईट वेळ वगळायची, उरलेल्या तिहींची सरासरी धरायची. एखाद्याच्या नशिबाने उघडलेले दुकान या रीतीत फार काळ चालत नाही, हे मला फार आवडले.

नातीच्या मामेभावाजवळ तोच सात हजारांचा क्यूब होता. त्याने मोठ्या मनाने तो तिला दिला. पहिल्या दोन वेळा 21.84 आणि 19.97. वीसच्या आत ती स्पर्धेत प्रथमच आली होती. तिसऱ्या वेळी हात घसरला, 26.40. चौथी 22.63. पाचव्या वेळी टायमरवर 20.12 दिसले आणि तिच्या वडिलांनी माझा हात दाबला. पंच मात्र वाकून क्यूबकडे पाहत राहिले. शेवटचा थर जागेवर न थांबता पुढे सरकला होता, पंचेचाळीस अंशांहून अधिक. नियमाप्रमाणे दोन सेकंदांची भर पडून 22.12 झाले. सरासरी आली 22.20. दुसऱ्या फेरीत गेलेल्या शेवटच्या मुलाची होती 21.90. ते दोन सेकंद नसते, तर तिची सरासरी 21.53 होऊन ती पुढे गेली असती.

मुलगा म्हणाला, “दाद मागू या, कुणाचा तरी धक्का लागला असेल.” नातीने तोवर कागदावर सही केली होती. “बाबा, मीच जोरात फिरवला,” एवढे बोलून ती पुढच्या मुलाचा क्यूब पोहोचवायला गेली. या स्पर्धांत खेळणारी मुलेच एकमेकांची पंच आणि वाहक होतात, तशी तिची पाळी होती. ती रडली ती परतीच्या गाडीत, कराड मागे पडल्यावर.

घरी आल्यावर मी तिला म्हटले, “चल, आता हिशेब मांडू.” तिने आपलीच एक सोडवणूक मोबाइलवर टिपली, त्यातील फिरवण्या कागदावर उतरविल्या. अठ्ठावन्न भरल्या, वेळ 20.9 सेकंद. मग त्याच अठ्ठावन्न फिरवण्या पाठ करून, विचार न करता, तिच्या जुन्या सातशे रुपयांच्या क्यूबवर केल्या. अकरा सेकंद! म्हणजे जवळजवळ दहा सेकंद बोटे थांबलेली होती आणि डोळे पुढची जोडी शोधत होते. क्यूब कितीही पळणारा आणला, तरी या दहा सेकंदांत त्याला काही करता येणार नव्हते. उलट तो पळून जातो, डोळे मागे राहतात आणि शेवटचा थर पुण्यासारखा पुढे निघून जातो.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत बसली. मग म्हणाली, “आजोबा, तो क्यूब चांगलाच आहे. पण तुम्ही आत्ताच घेऊ नका.”

मी तिचे मन राखण्यासाठी रक्कम पुढे केली असती तर ती कदाचित घेतली असती. तेराव्या वर्षी नकार फार काळ टिकत नाही. म्हणून आम्ही लेखी व्यवहार केला. सात हजार रुपये पेढीच्या वहीत तिच्या खात्यावर वेगळे जमा केले. थांबण्याचा वेळ चार सेकंदांच्या आत आला की क्यूब घ्यायचा, कोणालाही न विचारता.

तिने जुन्या क्यूबचे सहाही स्क्रू पाव-पाव फेरा आवळले, आत घट्ट तेलाचा थेंब सोडला. हल्ली संध्याकाळी ती मुद्दाम संथ फिरविते, जणू वात वळते आहे. बोटे चालत असताना नजर पुढच्या जोडीवर ठेवायची सवय त्यानेच लागते म्हणे. सरासरी अठरापर्यंत उतरली आहे. दर महिन्याच्या अखेरीस ती पेढीवर येते, थांबण्याचा वेळ वहीत लिहिते. गेल्या महिन्याचा आकडा सहा पूर्णांक दोन. माझा मुलगा ती वही हल्ली माझ्याआधी उघडून पाहतो.