वायरवालं ड्रिल

गणपती आटोपून कोकणातून परतलेल्या गाड्यांच्या कार्पेटमध्ये तांबडी माती इतकी रुतलेली असते की व्हॅक्यूमनं ती नुसती वरवर निघते. ओल्या चपलांबरोबर आत आलेली, नंतर वाळून धाग्यांच्या मुळाशी घट्ट बसलेली. हातानं घासायची तर एक गाडी निभते, दुसरीला मनगटं भरून येतात. ठाण्यात मी आणि माझा भाचा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जाऊन गाड्यांचं डिटेलिंग करतो. त्या मोसमात कामं एकावर एक येतात, म्हणून ड्रिलला लावायचा नायलॉनचा गोल ब्रश वापरायचं ठरलं. ब्रश कुठेही मिळतो. खरा प्रश्न होता ड्रिलचा.

भाच्याचं म्हणणं, “मावशी, बॅटरीवालंच घेऊ. प्लग शोधत फिरायला नको.” त्याचं चुकत नव्हतं, पार्किंगमध्ये प्लग कधी पंपघरात असतो, कधी वॉचमनच्या केबिनमध्ये. पण आम्ही बसून हिशेब केला. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ३६ वॅट-अवर वीज मावते. ब्रश दाबून फिरवताना ड्रिलनं २०० वॅट ओढले तर दहा-अकरा मिनिटांत ती रिकामी. भिंतीला चार भोकं पाडणाऱ्याला एवढं पुरतं. आम्हाला एका गाडीत चार दारांखालची कार्पेट आणि डिकी घासायची असते. शिवाय व्हॅक्यूमसाठी वायर ओढावी लागतेच, मग त्याच बोर्डावर ड्रिल का नको?

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलं की हत्यारांची दुकानं संपत नाहीत. दुकानदार पहिल्यांदा विचारतात, “किती वॅट?” आणि पुढ्यात हॅमर ड्रिल ठेवतात, कारण बहुतेकांना काँक्रीटमध्येच भोक पाडायचं असतं. आमच्या कामात हॅमरचा काही उपयोग नाही. उलट हॅमरचा खटका चुकून सरकला तर हेडलाइट पॉलिश करताना त्यावर धरलेलं पॅड थडथडायला लागेल.

वॅटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मला कळव्याच्या एका वायंडिंगवाल्या काकांनी दाखवली. एक जळकं आर्मेचर हातात देऊन ते म्हणाले, “हे बघा ताई, मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर बसवलेला असतो. तुम्ही ट्रिगर अर्धा दाबून वरून जोर देणार, म्हणजे मोटार तापणार जास्त आणि पंखा फिरणार कमी. दोन गिअरचं घ्या. पहिल्या गिअरमध्ये मोटार जोरात पळेल, चक मात्र सावकाश फिरेल.” हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातला सगळा गोंधळ निवळला. साध्या ड्रिलमध्ये ट्रिगर फक्त मोटारीला जाणारी वीज कापतो, त्यामुळे हळू फिरवताना दाब आला की ते गळाठतं. गिअर वेग कमी करतो आणि जोर वाढवतो.

आम्हाला सावकाश फिरणारंच हवं होतं. चार इंची ब्रश २८०० आरपीएमला फिरला तर त्याची कड ताशी पन्नास किलोमीटरहून जास्त वेगानं कार्पेटवरून जाते. धागे पिंजले जातात, मळकं पाणी छतापर्यंत उडतं. ८०० आरपीएमला हाच वेग ताशी पंधराच्या आसपास येतो. माती सुटते, कार्पेट शाबूत राहतं. चामड्याच्या सीटला आणि सीटबेल्टच्या आसपास मी ब्रश नेतच नाही. ट्रिगर दाबलेलाच ठेवणारं लॉकचं बटणही गाडीच्या आत वापरत नाही. पट्टा गुंडाळला गेला तर बोट उचलताच मशिन थांबायला हवं.

हेडलाइटला तर याहून नाजूक हात लागतो. पॉलिकार्बोनेटवरचा कंपनीचा थर उन्हानं खराब होतो आणि काच पिवळी, धुरकट दिसते. आधी ८०० पासून ३००० पर्यंतचे वॉटर पेपर हातानं, भरपूर पाणी घेत. मग तीन इंची फोम पॅडवर कंपाउंड लावून ड्रिल. इथे वेग वाढला की प्लॅस्टिक तापतं, कंपाउंड सुकून चिकटतं आणि केलेली मेहनत वाया जाते. म्हणून दुकानात प्रत्येक ड्रिल लावून बघताना मी ट्रिगर अगदी अलगद दाबत होते. काही ड्रिलं एकदम उसळून सुरू होतात. आम्ही घेतलेलं ड्रिल, चक जेमतेम फिरतोय इथपासून हळूहळू चढतं, आणि ट्रिगरवरच्या चकतीनं त्याचा सर्वांत जास्त वेग बांधून ठेवता येतो. चकात सरळ बिट लावून टोक डुलतंय का तेही पाहिलं. डुलणाऱ्या चकावर पॅड कधीच सपाट बसत नाही.

१३ मिलिमीटरचा चावीचा चक घेतला. षटकोनी दांड्याचा ब्रश त्यात सुटत नाही. चावी मुद्दाम वायरच्या प्लगजवळ बांधली, म्हणजे ब्रश बदलायचा तर आधी प्लग काढावाच लागतो.

आमच्या कामात पाणी असतंच, म्हणून विजेच्या बाबतीत मी फार कडक आहे. ड्रिल डबल इन्सुलेशनचं असलं, त्यावर चौकोनात चौकोनाची खूण असली, तरी आत पाणी शिरलं तर ती खूण वाचवत नाही. लोहार चाळीतून दीड स्क्वेअर एमएमची तीन कोअरची केबल आणली आणि इलेक्ट्रिशियनकडून वीज गळताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असलेला बोर्ड बनवून घेतला. गाडी धुऊन, जमीन निपटूनच ड्रिल बाहेर निघतं. वायर खांद्यावरून मागे टाकायची, म्हणजे ती पाण्यात लोळत नाही आणि दारावर घासून ओरखडेही पडत नाहीत.

हेडलाइट चकचकीत झाले की गाडीमालक हमखास म्हणतात, “ताई, बॉनेटपण याच मशिननं करून द्या ना.” मी नाही म्हणते. वरचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ असतो. पिस्तुलासारखी मूठ धरून मोठ्या पत्र्यावर पॅड सपाट ठेवणं अवघड, आणि एका कडेवर जोर पडला की गोल वळणं उठतात. उन्हात ती लगेच दिसतात. त्या कामाला डबल अ‍ॅक्शन पॉलिशर लागतं. पॅड स्वतःभोवती फिरताना थोडं इकडेतिकडेही सरकतं, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही. बॉनेटच्या कामाचे पैसे वेगळे का, हे त्यांना मी गाडीशेजारी उभं राहून असंच समजावून सांगते. बहुतेकांना पटतं.